चोर, भामटा, उचल्या : मराठीतील चोरांची नावे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. येथील घरांना दारे व कुलपे न लावण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. चोरी करणाऱ्यास शनिदेव शासन करतो, ही त्यामागील श्रद्धा. २०११ मध्ये युको बँकेने येथे कुलपाविना शाखा उघडली. २०१५ मध्ये गावात पोलिस ठाणेही आले. अशा गावात 'घरफोडी' या शब्दाला अर्थ उरत नाही. कुलूपच नसेल तर फोडायचे काय? मराठीने चोराला नावे दिली, ती बहुधा अशी त्याच्या कृतीवरून.

भुरटा चोर : संधी साधून किरकोळ वस्तू लांबवणारा.

उचल्या : गर्दीत मालकाची नजर चुकवून सामान उचलणारा.

खिसेकापू : बाजारात वा जत्रेत खिसा कापणारा. पाकीटमार हा त्याचाच शहरी भाऊबंद.

घरफोड्या : कुलूप तोडून किंवा भिंतीला भगदाड पाडून घरात शिरणारा.

वाटमाऱ्या : निर्जन वाटेवर प्रवाशास अडवून लुटणारा.

दरोडेखोर : टोळीने व बळाने लुटणारा. येथे कायदा संख्या पाहतो. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही (कलम ३१०) ही मर्यादा कायम ठेवली आहे.

भामटा : गोड बोलून, बतावणी करून फसवणारा.

तस्कर : संस्कृतात याचा अर्थ केवळ चोर. आजच्या मराठीत मात्र चोरटा व्यापार करणारा. गोदावरी, प्रवरा व मुळा या नद्यांच्या या जिल्ह्यात 'वाळूतस्कर' हा शब्द बातम्यांतून नित्य भेटतो.

यांपैकी काही शब्दांचा इतिहास क्लेशदायक आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे कित्येक जमातींवर जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. हजेरी, झडती आणि वसाहतींतील बंदिवास त्यांच्या वाट्याला आला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत 'भामटा' व 'उचले' ही नावे आहेत. लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' (१९८७) हेच नाव दिले; त्यास १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

म्हणूनच हे शब्द वापरताना विवेक हवा. घरफोड्या किंवा वाटमाऱ्या म्हटले की केवळ कृत्य डोळ्यांसमोर येते. भामटा म्हणताना मात्र ज्याने कधी कुणाची काडीही उचललेली नाही, अशा माणसाच्या जातीच्या दाखल्यावरही तोच शब्द असू शकतो, याचे भान ठेवावे लागते.