एआय एजंटला ‘बदलापूर लोकल’ कशी समजावायची? टूलच्या वर्णनाला एवढे महत्त्व का?

रात्री उशिरा कल्याण स्थानकात उभ्या असलेल्या बदलापूरकराला इंडिकेटरवर ‘बदलापूर’ हेच नाव दिसायला हवे असे नसते. कर्जत किंवा खोपोली लोकल आली तरी तो चढतो, कारण ती बदलापूरला थांबते हे त्याला ठाऊक असते. उद्या हाच प्रवासी एआय एजंटला विचारेल, ‘आता बदलापूरला जायला कोणती गाडी?’ तेव्हा बरोबर उत्तर मिळणे बऱ्याच अंशी चार-पाच वाक्यांवर अवलंबून असेल. ती वाक्ये म्हणजे टूलचे वर्णन.

एजंट आणि टूल म्हणजे काय?

साधा चॅटबॉट उत्तर लिहून थांबतो. एजंट प्रत्यक्ष काम करतो. तो वेळापत्रक पाहतो, अर्ज भरतो, कराची थकबाकी तपासतो. त्यासाठी त्याला जोडून दिलेल्या प्रोग्रामना ‘टूल’ म्हणतात. अशी टूल जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुले मानक अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यात एजंटला प्रत्येक टूलविषयी मुख्यतः तीन गोष्टी कळतात: नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा साचा. टूलच्या आतला कोड एजंटपुढे सहसा नसतो. त्यामुळे कोणते टूल वापरायचे, केव्हा आणि कसे, हे तो या मजकुरावरूनच ठरवतो.

अपुऱ्या वर्णनाने काय बिघडते?

समजा, एका टूलचे वर्णन इतकेच आहे: ‘लोकल शोधते. स्थानक द्या.’ स्थानक कोणते? चढण्याचे, उतरण्याचे की गाडीचे शेवटचे? एजंटने शेवटचे स्थानक धरले, तर त्याला फक्त बदलापूर लोकल सापडतील. कर्जत आणि खोपोलीच्या गाड्या यादीतून गळतील. प्रवासी एक गाडी समोरून जाऊ देईल आणि पुढचीची वाट पाहत बसेल.

चांगले वर्णन कसे असते?

त्याच टूलचे सुधारलेले वर्णन असे असू शकते:

‘चढण्याच्या स्थानकावरून निघून उतरण्याच्या स्थानकावर थांबणाऱ्या मध्य रेल्वेच्या लोकल वेळापत्रकानुसार शोधते. उतरण्याचे स्थानक हे गाडीचे शेवटचे स्थानक असेलच असे नाही. वेळ २४ तासांच्या पद्धतीने द्यावी, उदा. २३:४०. मध्यरात्रीनंतरच्या गाडीसाठी पुढच्या दिवसाची तारीख द्यावी. गाडी उशिरा धावत आहे का, हे या टूलमधून कळत नाही.’

टूल काय करते, माहिती कशी द्यायची आणि काय करत नाही, या तिन्ही गोष्टी यात आहेत. शेवटचे वाक्य सर्वात जास्त वेळा राहून जाते. ते नसेल, तर मुसळधार पावसातही एजंट वेळापत्रकातली वेळ खरी मानून सांगेल.

नावांचा घोळ कसा टाळायचा?

‘उल्हासनगर’ हे शहर आहे आणि कर्जत मार्गावरचे स्थानकही. शहरातले बरेच लोक विठ्ठलवाडी किंवा शहाड स्थानक वापरतात. त्यातही शहाड कल्याणच्या पुढे कसारा मार्गावर आहे. म्हणजे ‘उल्हासनगरला जायचे आहे’ एवढ्यावरून मार्गसुद्धा ठरत नाही. ‘शहराचे नाव आल्यास आधी स्थानक विचारून घ्यावे’ अशी सूचना वर्णनात हवी.

कराच्या टूलचेही तसेच. उल्हासनगरला महानगरपालिका आहे, तर अंबरनाथला नगरपरिषद. बदलापूरची नगरपरिषद ‘कुळगाव-बदलापूर’ या नावाने चालते आणि बदलापूर अंबरनाथ तालुक्यात येते. तेव्हा ‘मालमत्ता कर दाखवते’ हे पुरेसे नाही. टूल कोणत्या संस्थेच्या हद्दीपुरते आहे, ते लिहावे. अनेक संस्थांसाठी असेल, तर त्यांच्या नावांची ठरावीक यादी द्यावी, म्हणजे एजंटला अंदाजाने नाव टाकावे लागणार नाही.

माहिती मिळालीच नाही तर?

‘आता गाडी नाही’ आणि ‘वेळापत्रक उघडले नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेळा टूलने रिकामी यादी परत केली, तर एजंट दोन्ही वेळा सांगेल की गाडी नाही. रात्री बाराला कल्याणला अडकलेली व्यक्ती त्यावर विसंबून रिक्षाला भरमसाट पैसे मोजेल. म्हणून रिकाम्या यादीचा अर्थ वर्णनात स्पष्ट करावा आणि बिघाड झाल्यास टूलने वेगळा संदेश द्यावा. उदाहरणार्थ, ‘माहिती मिळू शकली नाही, गाडी नाही असा अर्थ घेऊ नये.’

वर्णन मोठे असले की चांगले का?

नाही. वर्णन एजंटच्या मर्यादित संदर्भात जागा घेते. टूल वाढली की मजकूर वाढतो, खर्च वाढतो आणि एकसारख्या वर्णनांमुळे निवडही चुकते. वाक्य ठेवावे की काढावे, यासाठी एक कसोटी वापरता येते: ते काढल्याने एजंट काही वेगळे करेल का? करणार नसेल, तर काढावे. ‘अत्याधुनिक’, ‘वेगवान’ अशी विशेषणे याच कसोटीवर गळतात.

तपासायचे कसे?

लोक विचारतात तसेच प्रश्न लिहून काढावेत: ‘कॅम्प चारला जायचंय’, ‘अंबरनाथची शेवटची लोकल किती वाजता?’, ‘बदलापूरची घरपट्टी कुठे भरू?’ ते एजंटला विचारावेत आणि त्याने कोणते टूल निवडले, त्यात काय भरले, हे पाहावे. चूक दिसली की आधी वर्णन पुन्हा वाचावे. जे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही, नेमके तेच बहुतेक वेळा लिहायचे राहिलेले असते.