भाऊसाहेब बांदोडकर : घोषणा आणि कायदा

लोकप्रतिनिधीच्या कार्याचे मोजमाप दोन प्रकारे करता येते. त्याने जनतेसमोर जो झेंडा उभारला तो अखेर फडकला की उतरला, हे एक माप. आणि त्याच्या अमदानीत साध्या माणसाच्या घरात काय बदलले, हे दुसरे. पुष्कळदा ही दोन्ही मापे एकच उत्तर देतात. गोमंतकाचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बाळकृष्ण ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांच्या बाबतीत मात्र ती परस्परविरुद्ध उत्तरे देतात. ज्या प्रश्नावर त्यांनी निवडणूक जिंकली, तो प्रश्न ते हरले. आणि ज्या कामांचा त्या मानाने गाजावाजा झाला नाही, ती कामे त्यांच्यामागे टिकून राहिली. हे असे का घडले, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडणे येथे झाला. ते गोमंतक मराठा समाजातले. पुढे खाणधंद्यात त्यांनी मोठी संपत्ती मिळविली आणि सढळ हाताने दानधर्मही केला. परंतु त्यांच्या राजकारणाचे मूळ शोधावयाचे तर संपत्तीपेक्षा जन्माच्या परिस्थितीकडे पाहिले पाहिजे. आमच्या देवळांशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे, त्या वाचकांस हे फोडून सांगावयास नको. देवापुढचे गायन, दिवाबत्ती, पालखीची सेवा ज्या घराण्यांनी शतकानुशतके केली, त्यांची नावे महाजनांच्या वहीत सहसा नसत. १९३३ च्या पोर्तुगीज देवस्थान-नियमावलीने देवस्थानांचा कारभार नोंदलेल्या महाजनांच्या हाती कायद्याने सोपविला, आणि सेवा करणारे व निर्णय घेणारे यांच्यामधली जुनी रेघ अधिकच ठळक झाली. त्या रेघेच्या पलीकडे जन्मलेला एक पुरुष पुढे सबंध गोव्याचा कारभारी झाला, ही घटनाच मुळात लहान नव्हे.

ती शक्य झाली मतपेटीमुळे. पोर्तुगीज अमदानीत मताचा अधिकार मोजक्यांपुरता होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये प्रौढ मतदानावर पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. विधानसभेच्या ३० जागांपैकी २८ गोव्याच्या होत्या. दमण व दीव यांची प्रत्येकी एक. मुक्तीचे श्रेय आपल्यालाच मिळणार या भरवशावर असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने मित्रांसह १६ जागा घेतल्या, आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाने १२. बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीस उभे नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी ते मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून विधानसभेत आले. ९ जानेवारी १९६४ रोजी विधानसभेची पहिली बैठक पणजीस भरली. अध्यक्षपदी पां. पु. शिरोडकर आले; स्वातंत्र्यासाठी हद्दपारी भोगलेला हा मनुष्य.

नव्या सरकारपुढचे पहिले काम शाळांचे होते. मुक्तीपूर्वी सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज शिक्षण. मराठी शिक्षण हे गावाने आपल्या बळावर चालवावयाचे: कोठे शेणवीमामाची शाळा, कोठे देवळाच्या मंडपात वा अग्रशाळेत भरणारे वर्ग. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना जी मोकळीक मिळाली, तीमधून अशा शाळा व वाचनालये पुष्कळ निघाली, आणि त्याबद्दल आमच्या देवस्थानांना व दात्यांना जितके धन्यवाद द्यावेत तितके थोडेच. पण मंडपातली शाळा सर्वांची नसते. ज्याला देवळाच्या पायरीपर्यंतच यावयाची मुभा, त्याच्या मुलाला मंडपातल्या फळ्यावरचे अक्षर कसे दिसणार? बांदोडकर सरकारने गावोगाव, वाड्यावाड्यांपर्यंत सरकारी प्राथमिक शाळा नेल्या. त्या मुख्यतः मराठी होत्या, आणि त्यांच्या दारात कोणी जात विचारीत नसे. १९६२ साली पणजी व मडगाव येथे निघालेली महाविद्यालये धेंपे व चौगुले यांच्यासारख्या दात्यांमुळे उभी राहिली; परंतु त्या महाविद्यालयांपर्यंत पोहोचणारा कुणब्याचा आणि रेंदराचा मुलगा खेड्यातल्या सरकारी शाळेनेच घडविला.

दुसरे काम जमिनीचे. गोव्यातील शेती कसणारा कूळ व जमिनीचा धनी भाटकार यांच्यात पिकाची वाटणी पुष्कळदा निम्मेनिम होई. मुंडकाराची स्थिती त्याहून बिकट. भाटकाराच्या भाटात झोपडी बांधून राहावयाचे, त्याच्या माडांची राखण करावयाची, हाक येईल तेव्हा कामास जावयाचे. आणि भाटकाराची मर्जी फिरली तर चंबूगबाळे उचलावयाचे. अशा माणसाच्या हाती मत दिले तरी ते त्याचे स्वतःचे मत असेल, अशी खात्री कोण देणार? म्हणून १९६४ चा कूळ कायदा हा शेतीइतकाच लोकशाहीचाही कायदा होता, असे आम्ही समजतो. त्याने कुळाला जमिनीवर स्थैर्य दिले आणि भातजमिनीचा खंड पिकाच्या एकषष्ठांशापर्यंत खाली आणला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. भाटकार म्हणजे केवळ व्यक्ती नव्हत. गावकाऱ्यांच्या जमिनी होत्या, चर्चच्या होत्या, आणि आमच्या देवस्थानांच्याही होत्या. खंड उतरला तेव्हा कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांची मिळकत आटली, आणि सामायिक बांध व मानशी राखणारी गावकाऱ्यांची जुनी व्यवस्था सैल होऊन काही खाजनांची निगा कमी झाली. हे नुकसान खोटे नव्हे. पण नैवेद्याचा तांदूळ ज्याच्या घामाने पिकतो, तो उद्या त्याच शेतावर असेल की नाही याची त्याला शाश्वती नसावी, हेही देवाच्या दारी शोभणारे नव्हते.

तिसरा प्रश्न विलीनीकरणाचा. गोवा महाराष्ट्रात जावा, हे पक्षाच्या नावातच होते. १९६५ च्या आरंभी विधानसभेने तसा ठराव केला. विरोधकांनी जनमताचा आग्रह धरला. केंद्राने १९६६ साली संसदेत त्यासाठी कायदा केला. जनमत निःपक्षपाती वातावरणात व्हावे म्हणून त्या वर्षीच्या डिसेंबरात बांदोडकरांनी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने, अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी प्रश्न निकालात निघाला.

हा निकाल केवळ ख्रिस्ती मतांनी लागला, असे त्या काळी पुष्कळ बोलले गेले. ते खरे नव्हे. गोव्यात हिंदूंची वस्ती निम्म्याहून बरीच अधिक असता, हिंदूंचा मोठा भाग पानांकडे गेल्यावाचून हा आकडा जुळत नाही. महाराष्ट्रातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्यांविषयी नाराजी होती. कोंकणीचा अभिमान होता. आपले लहानसे घर मोठ्या वाड्यात हरवेल, ही भीती होती. मडगावचे दैनिक ‘राष्ट्रमत’ व त्यातले उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर यांनी विलीनीकरणाविरुद्ध जी लढाई केली ती मराठीत केली, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मराठी वाचणारा मनुष्य महाराष्ट्रात जाऊ इच्छितोच, हे समीकरण त्या दिवशी मोडले.

पण खरे नवल त्यानंतरचे. जनमतानंतर थोड्याच महिन्यांत विधानसभेची निवडणूक झाली, आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांच्या पक्षाला १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसविले. ५ एप्रिल १९६७ रोजी ते दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. मतदाराने घोषणा व कामे यांची फारकत करून दाखविली. फूल नाकारणाऱ्यांपैकी काहींनी शाळा व कूळ कायदा देणारा मनुष्य नाकारला नाही, हाच या दोन निकालांचा अर्थ आम्हांस दिसतो. बांदोडकरांचाही मोठेपणा असा की, कौल मान्य करून ते पुन्हा कामास लागले. १९७० साली पक्षातच बंड झाले. त्यातून ते तरले, आणि १९७२ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १८ झाल्या.

दोष नव्हते असे नाही. कारभार फार त्यांच्या व्यक्तीभोवती फिरे. पक्षात दुसरी फळी तयार झाली नाही, आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच ते वारले तेव्हा धुरा त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे गेली. मराठीच्या बाजूने उभे राहताना कोंकणी ही घरात व अंगणात बोलली जाणारी जिवंत भाषा आहे, हे त्यांच्या पक्षाने पुरेसे ओळखले नाही. त्या दुराव्याचे चटके १९८० नंतरच्या भाषावादात दोन्ही बाजूंनी सोसले. अखेर १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली व मराठीलाही शासनव्यवहारात स्थान मिळाले. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले.

जमिनीचे काम मात्र पुढे चालत राहिले. १९७५ साली मुंडकारांना हुसकावण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळास मालक मानले. ती दुरुस्ती दीर्घकाळ न्यायालयीन वादात सापडली, मुंडकारांचे दावेही कचेऱ्यांत रेंगाळले. तरी १९६४ साली घातलेल्या पायावरून ती मागे वळली नाहीत.

आज पेडण्यापासून काणकोणापर्यंत फिरताना विलीनीकरणाची घोषणा कोणाच्या तोंडी ऐकू येत नाही. मात्र स्वतःच्या नावाचा सातबारासारखा उतारा जपून ठेवणारा कुळाचा नातू भेटतो, आणि सरकारी शाळेत पहिले अक्षर गिरवलेली आजी पोथी वाचताना दिसते. आमच्या देवस्थानांच्या समित्यांनी महाजनांच्या वहीकडे पाहताना या दोघांची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे. जो कायदा गावाने मानला, त्यातला न्याय देवळाच्या आवारातही ओळखीचा वाटावयास हवा.