खिओस : गावे आणि किनारे

खिओस : एजियन समुद्राच्या पूर्व भागातील ग्रीक बेट. क्षेत्रफळ सुमारे ८४२ चौ. किमी.; आकाराने ग्रीसमधील पाचवे. लोकसंख्या सुमारे ५० हजार. ग्रीक माणूस हे नाव ‘हिओस’च्या जवळपास उच्चारतो. तुर्कस्तानचा चेश्मेचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी अवघ्या सात किमी.वर असून स्वच्छ हवेत तिथली घरे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ग्रीक बेट म्हटले की पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट डोळ्यांसमोर येतात. ते चित्र खिओसला लागू पडत नाही. येथील जुनी गावे दगडी आहेत, आतल्या बाजूला आहेत आणि बहुतेक समुद्राकडे पाठ करून बसलेली आहेत. गाव वर किंवा आत, आणि त्याचे छोटे बंदर काही अंतरावर खाली, अशी जोडी बेटावर जागोजागी आढळते. म्हणून येथे गाव आणि किनारा अशी दोन स्वतंत्र ठिकाणे मोजण्यापेक्षा जोडीनेच पाहावीत.

समुद्राचे हे भय चाच्यांमुळे आले. १३४६ पासून १५६६ पर्यंत बेट जेनोआच्या ताब्यात होते आणि ‘माओना’ नावाची व्यापाऱ्यांची भागीदार मंडळी त्याचा कारभार पाही. त्यांना येथे राखायचे होते ते मस्तकीचे उत्पन्न. त्यासाठी दक्षिणेतील कष्टकऱ्यांना तटबंद गावांत वसवण्यात आले. गावाचा आराखडा साधारण चौकोनी. कडेची घरे एकमेकांना चिकटलेली, त्यांच्या मागच्या भिंतींना बाहेरून दार नाही, खिडकी नाही. म्हणजे घरांची पाठ हाच गावाचा तट. कोपऱ्यांवर गोल बुरूज, मध्यभागी उंच मनोरा, आणि आत शिरायला एकदोन वेशी. घरांची धाबी एकाच पातळीत ठेवलेली असत. शत्रू गल्लीत शिरलाच तर माणसे धाब्याधाब्यांवरून मनोऱ्याकडे पळू शकत. मात्र ही रचना रहिवाशांच्या रक्षणासाठी जितकी होती तितकीच पिकावर नजर ठेवण्यासाठीही होती. मस्तकी चोरणाऱ्याला जबर शिक्षा होत. पुढे उस्मानी राजवटीतही हे पीक सुलतानाच्या खास मर्जीतले राहिले.

मस्तकी ही एका झुडपी झाडाची राळ. झाड पिस्त्याच्या कुळातले. भूमध्य सागराच्या काठी ते सर्वत्र उगवते, पण व्यापारी प्रमाणात राळ मिळते ती खिओसच्या दक्षिण भागातच. उन्हाळ्याच्या तोंडाशी शेतकरी झाडाखालची जमीन खरवडून, झाडून, दाबून सपाट करतात आणि तीवर चुनखडीची पांढरी भुकटी पसरतात. जुलैपासून खोडाला आणि जाड फांद्यांना टोकदार हत्याराने बारीक चिरा देतात. चिरेतून राळ पाझरते, थेंब पांढऱ्या भुकटीवर पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतात. ग्रीक भाषेत या थेंबांना ‘अश्रू’ म्हणतात. ख्रिस्ती हुतात्मा संत इसिडोर याच्या यातना पाहून झाडे रडली, अशी कथा गावोगाव सांगतात. एका झाडापासून वर्षाला जेमतेम दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम राळ हाती येते. ती गोळा केल्यावर खरे जिकिरीचे काम सुरू होते. हिवाळाभर घराघरांत बायका एकत्र बसून छोट्या सुरीने एकेका खड्याला चिकटलेली माती आणि कचरा खरवडून काढतात. लागवडीची ही परंपरा २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. उत्पादकांचा सहकारी संघ १९३८ पासून आहे. मराठी वाचकाला ही वस्तू अगदीच परकी नाही. काष्ठौषधींच्या दुकानात ‘रुमी मस्तकी’ म्हणून पारदर्शक पिवळसर खडे मिळतात ते हेच. नावातला ‘रूम’ म्हणजे बायझंटाइन साम्राज्याचा मुलूख.

मस्तकीच्या पट्ट्यात चोवीस गावे मोजतात. त्यांतील सर्वांत मोठे पिर्गी. नावाचा अर्थच बुरूज. मधला मनोरा आज भग्न अवस्थेत घरांमध्ये उभा आहे. पिर्गीची ख्याती मात्र त्याच्या भिंतींची आहे. चुना आणि गडद ज्वालामुखी वाळू यांचा गिलावा भिंतीवर चढवतात. तो ओला असतानाच वरून चुन्याची पांढरी निवळी मारतात. मग कारागीर कंपासाने वर्तुळे आणि पट्टीने पट्टे आखतो आणि काट्याने ठरल्या जागचा पांढरा थर खरवडून खालचा राखाडी रंग उघडा करतो. त्रिकोण, शंकरपाळी, चांदण्या, पाने अशा आडव्या ओळी जोत्यापासून सज्ज्यापर्यंत चढत जातात. या कामाला ‘क्सिस्ता’ म्हणतात. खरवडलेले, एवढाच त्याचा अर्थ. इटलीतील स्ग्राफितो कामाशी त्याचे नाते उघड आहे. चौकातून पाहताना एकही भिंत दुसरीसारखी दिसत नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस याच भिंतींवर लहान टोमॅटोंच्या माळा टांगतात. ते हिवाळ्यासाठी राखलेले असतात. चौकाजवळच्या बोळातले पवित्र प्रेषितांचे छोटे बायझंटाइन चर्च चुकवू नये. त्यातील भित्तिचित्रे १६६५ ची आहेत. गावाबाहेर मस्तकीचे संग्रहालय २०१६ मध्ये उघडले. बाहेरच्या झाडांपाशी चिरा आणि थेंब प्रत्यक्ष पाहता येतात.

मेस्ता हे या पट्ट्यातील सर्वांत उत्तम टिकलेले तटबंद गाव. येथे भिंतींवर नक्षी नाही, रंग नाही. उघडा दगड आणि सावली. गल्ल्यांवर कमानी आहेत, कमानींवर खोल्या आहेत, त्यामुळे बराचसा रस्ता बोगद्यातून गेल्यासारखा होतो. भर दुपारी बाहेर ऊन रखरखत असते आणि आत पाय टाकताच गारवा लागतो. मधला मनोरा पाडून त्या जागी एकोणिसाव्या शतकात तक्सियार्हिस, म्हणजे मुख्य देवदूत, याचे मोठे चर्च बांधले. याच देवदूताचे जुने चर्च लहान आणि अंधारे आहे; त्यातील कोरीव लाकडी पडद्यासाठी तिथे जावे. अनेक जुन्या घरांत आता पाहुण्यांच्या खोल्या आहेत. दिवसाच्या सहलीचे लोक परतल्यावर संध्याकाळी चौकात खुर्च्या निघतात, म्हाताऱ्यांच्या गप्पा सुरू होतात. मेस्त्याला मुक्काम करावा तो यासाठी. ओलिंपी हे शेजारचे गाव याच घडणीचे, पण शांत. जवळची चुनखडीची गुहा १९८५ मध्ये सापडली. आर्मोलिया कुंभारकामासाठी ओळखले जाते.

दक्षिणेचे किनारे या गावांचेच. पिर्गीचे बंदर एम्बोरिओस, आणि त्याला लागून माव्रा व्होलिया, म्हणजे काळे गोटे. प्राचीन ज्वालामुखीच्या दगडाला समुद्राने घासून गुळगुळीत गोट्यांचे रूप दिले आहे. लाट माघारी फिरताना ते एकमेकांवर घरंगळतात तेव्हा खळखळाट ऐकू येतो. येथील गोटे उचलून नेण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वरच्या टेकडीवर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी १९५२ ते १९५५ या काळात इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांतील वस्ती आणि अथेनाचे मंदिर उजेडात आणले. खालचे बंदर सोडून टेकडीवर राहायची सवय किती जुनी ते येथे कळते. व्ह्रुलिदिया हा उंच कड्यांमधला पांढरट किनारा. पाणी हिरवेनिळे, सोयी जवळजवळ नाहीत. कोमी लांब आणि वाळूचा, मुलाबाळांसह जाणाऱ्यांना सोयीचा. काटो फाना येथे अपोलोच्या मंदिराचे अवशेष किनाऱ्यालगतच आहेत.

बेटाच्या मध्यावर डोंगरात नेआ मोनी हा मठ आहे. अकराव्या शतकात सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस याच्या आश्रयाने तो उभा राहिला. सोनेरी पार्श्वभूमीवरची त्यातील कुट्टिमचित्रे बायझंटाइन कलेतील अव्वल काम मानली जातात. १९९० पासून तो जागतिक वारसास्थान आहे. येथून पुढे अव्गोनिमा, आणि त्याहून पुढे कड्याच्या टोकावर अनावातोस. राखाडी घरे खडकातूनच उगवल्यासारखी वर चढतात. वस्ती जवळजवळ उरलेली नाही. १८२२ मध्ये ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात उस्मानी फौजांनी बेटावर कत्तल केली. हजारो माणसे मारली गेली, हजारोंना गुलाम म्हणून विकले. देलाक्रोआचे १८२४ चे चित्र या घटनेचे असून ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अनावातोसच्या लोकांनी शरण जाण्यापेक्षा कड्यावरून उड्या घेतल्या, असे सांगतात. येथे मोठ्याने बोलू नये, असे वाटते. वाचलेली व्यापारी घराणी लंडन, मार्सेय, ट्रियेस्त अशा बंदरांत पांगली. मूळचे खिओसचे राली बंधू त्यांच्यापैकीच; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर त्यांच्या पेढ्या कलकत्ता आणि मुंबई येथे निघाल्या आणि कापूस-तागाच्या व्यापारात नावारूपाला आल्या. कीटकनाशकांच्या डब्यांवर शेतकरी आज वाचतात ते ‘रॅलिज’ हे नाव त्या घराण्यावरून आले.

बेटाच्या या मध्य भागाचा समुद्र पश्चिमेकडचा. एलिंदाचा खोल आखात गोट्यांचा आणि निवांत आहे. लिथी हे टेकडीवरचे गाव. त्याच्या खालच्या वाळूच्या किनाऱ्यावर ताज्या मासळीच्या खानावळी आहेत आणि सूर्यास्त थेट ताटासमोर होतो.

खोरा, म्हणजे मुख्य शहर, प्रथमदर्शनी आवडत नाही. १८८१ च्या भूकंपाने त्याचे जुने रूप मोडले आणि पुढे धक्क्यावर काँक्रीटच्या इमारती आल्या. पण किल्ल्याच्या आतली वस्ती, कोराइस ग्रंथालय आणि उत्तरेला समुद्रात उभ्या असलेल्या चार पवनचक्क्या यांसाठी एक दिवस द्यावा. दक्षिणेला काम्पोस लागते : उंच तांबूस दगडी भिंतींमागे संत्र्या-लिंबांच्या बागा, जेनोआच्या वळणाचे वाडे, हौद आणि रहाट. वसंतात बहर असतो तेव्हा भिंतीपलीकडचे काही दिसत नसले तरी वास रस्ताभर सोबत करतो. कार्फास हे बेटाचे रूढ अर्थाने पर्यटनस्थळ. बारीक वाळू, उथळ पाणी, हॉटेलांची रांग. पहिल्यांदा येणारे बहुतेक येथेच उतरतात. पोहण्यासाठी ते चांगलेच आहे. मात्र सगळी सुटी तिथेच घालवली तर खिओस पाहिले असे म्हणता येणार नाही.

उत्तर भाग उंच, उघडा आणि विरळ वस्तीचा. व्ह्रोन्तादोस हे खलाशांचे गाव. तेथील समुद्राकाठच्या एका खडकावर होमर शिष्यांना शिकवी, अशी समजूत आहे. ईस्टरच्या रात्री येथील दोन चर्चे एकमेकांच्या दिशेने घरगुती अग्निबाण सोडत. कार्दामिलाची वस्ती सरळ दोन भागांत विभागलेली आहे, वरची जुनी आणि बंदरातली नवी; पुढे नागोस येथे झऱ्याचे गार पाणी समुद्राला मिळते. वायव्येला व्होलिस्सोस, डोक्यावर पडका किल्ला आणि पायथ्याला लिम्निया बंदर व मानाग्रोसचा लांबलचक किनारा. जवळच्या संत मार्केलाच्या मठात २२ जुलैला बेटभरातून यात्रेकरू लोटतात.

पिरेअस बंदरातून रात्रीचे जहाज पहाटे किंवा सकाळी खिओसला लागते. अथेन्सहून विमानही आहे. गावांना जाणाऱ्या बस मोजक्याच असल्याने भाड्याची गाडी घ्यावी. मे-जून आणि सप्टेंबर हे फिरण्याचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा उत्तर किनारा खवळवतो, तेव्हा दक्षिणेचे आखात गाठावेत. मस्तकीचे काम पाहायचे असेल तर मात्र तोच काळ, आणि तेही भल्या सकाळी. कडक उन्हाळ्यात रानात विस्तव, सिगारेट यांबाबत कमालीची काळजी घ्यावी. २०१२ च्या ऑगस्टमधील वणव्यात दक्षिणेतील मस्तकीची झाडे मोठ्या संख्येने जळाली आणि २०२५ च्या उन्हाळ्यातही बेटावर मोठे वणवे पेटले. नव्याने लावलेले झाड राळ देऊ लागायला पाच-सहा वर्षे घेते, आणि भरघोस द्यायला त्याच्या दुप्पट.