हार्लन काउंटी
हार्लन काउंटी : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्याची, आग्नेय सीमेवरील कोळसा-उत्पादक काउंटी. क्षेत्रफळ सुमारे १,२०० चौ. किमी.; लोकसंख्या २६,८३१ (२०२०). मुख्य ठाणे हार्लन. व्हर्जिनियाला लागून असलेल्या या डोंगराळ मुलखात राज्यातील सर्वोच्च शिखर ब्लॅक मौंटन (१,२६३ मी.) आहे. पुअर फोर्क, क्लोव्हर फोर्क व मार्टिन्स फोर्क या प्रवाहांच्या संगमातून हार्लन गावाजवळ कंबरलँड नदी तयार होते. एप्रिल १९७७ च्या महापुरानंतर गावाच्या रक्षणासाठी डोंगरातून बोगदे खोदून क्लोव्हर फोर्कचे पाणी वळविण्यात आले.

इतिहास : नॉक्स व फ्लॉइड या काउंट्यांचे भाग तोडून १८१९ मध्ये ही काउंटी स्थापन झाली. ब्लू लिक्सच्या लढाईत (१७८२) मारला गेलेला सायलस हार्लन याचे नाव तिला देण्यात आले. पुढे शतकभर येथे विरळ वस्तीची डोंगरी शेती होती. जमिनीखालच्या खनिजाचे हक्क मात्र बाहेरच्या कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून अल्प मोबदल्यात आधीच खरेदी करून ठेवले होते. त्या खरेदीखतांच्या आधारे जमीनमालकाच्या संमतीवाचून जमीन वरून फोडता येई. केंटकीच्या राज्यघटनेतील १९८८ च्या दुरुस्तीनेच त्याला आळा बसला. १९११ च्या सुमारास लोहमार्ग आला आणि लोकसंख्या १०,५६६ (१९१०) वरून ७५,२७५ (१९४०) वर गेली. इंटरनॅशनल हार्वेस्टरशी संलग्न कंपनीने बेनम, तर यू. एस. स्टीलच्या उपकंपनीने १९१७ पासून लिंच ही गावे वसविली. तेथे इटालियन, हंगेरियन व अलाबामाकडून आलेले कृष्णवर्णीय कामगार राहत. अशा गावांत घर कंपनीचे, दुकान कंपनीचे. त्यामुळे नोकरी गेली की बिऱ्हाडही उठे.

फेब्रुवारी १९३१ मध्ये खाणमालकांनी मजुरी १० टक्क्यांनी घटविली. संघटित होऊ पाहणाऱ्यांना कामावरून व घरांतून काढण्यात आले. त्यांतील अनेक कुटुंबे कंपनीच्या मालकीबाहेरच्या एव्हर्ट्स गावी गेली. ५ मे १९३१ रोजी तेथे झालेल्या चकमकीत चौघे ठार झाले. खटले मुख्यतः कामगारांवर भरण्यात आले व अनेकांना जन्मठेप झाली. शेरीफ जे. एच. ब्लेअर याच्या बहुतेक दुय्यम अधिकाऱ्यांचा पगार कोळसा कंपन्या देत. त्याच्या माणसांनी घराची झडती घेतल्यावर एका खाणकामगाराची पत्नी फ्लॉरेन्स रीस हिने ‘व्हिच साइड आर यू ऑन?’ हे गीत रचले. ते पुढे देशभरच्या संपांत गायले गेले. नोव्हेंबर १९३१ मध्ये कादंबरीकार थिओडोर ड्रायझर याच्या समितीने येथे साक्षी नोंदविल्या. १९३७ मध्ये सिनेटच्या ला फॉलेट समितीपुढे येथील दहशतीचा पुरावा आला. पुढच्या वर्षी लंडन (केंटकी) येथे कंपन्यांवर चाललेल्या संघीय खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. तरीही कंपन्यांवरचा दबाव टिकला व १९३९ च्या संपानंतर युनायटेड माइन वर्कर्स या कामगार संघटनेशी त्यांचा करार झाला. हार्लनच्या नावाला ‘रक्तरंजित’ हे विशेषण चिकटले ते एव्हर्ट्समुळे. पण या इतिहासातील खरी कमाई १९३९ चा करार होय, आणि गोळीबाराच्या तुलनेत त्याची नोंद फार कमी घेतली जाते, हे अन्याय्य आहे.

ड्यूक पॉवर या वीजकंपनीच्या उपकंपनीविरुद्धचा ब्रुकसाइड खाणीतील संप (१९७३-७४) तेरा महिने चालला. कामगारांच्या बायकांनी रस्ते अडविले. एका तरुण कामगाराचा गोळी लागून मृत्यू झाल्यावर तडजोड झाली. बार्बरा कॉपल हिच्या या संपावरील हार्लन काउंटी, यू.एस.ए. (१९७६) या माहितीपटाला ऑस्कर मिळाले. २० मे २००६ रोजी डार्बी खाणीतील स्फोटात पाच जण मरण पावले. २०१९ मध्ये ब्लॅकज्युएल कंपनीचे दिवाळे निघाल्यावर थकलेल्या पगारासाठी कामगारांनी कंबरलँड गावाजवळ रुळांवर ठाण मांडून कोळशाची गाडी अडविली.

आर्थिक स्थिती : कोळसा हा प्रमुख व्यवसाय होता; पण यांत्रिकीकरणाने रोजगार घटून लोकसंख्या ३७,३७० (१९७०) वर आली. शेती अल्प.

प्रेक्षणीय स्थळे : पाइन मौंटन सेटलमेंट स्कूल (स्था. १९१३), किंगडम कम राज्य उद्यान, लिंच येथील पोर्टल ३१ ही पाहण्यासाठी खुली असलेली खाण. बेनममधील कंपनीच्या जुन्या दुकानात केंटकीचे कोळसा-खाण संग्रहालय असून त्याच्या छपरावर २०१७ मध्ये सौरपट्ट्या बसविण्यात आल्या.