सहा वाजले, घरी जा!

मागच्या शनिवार-रविवारी जळगावला गेलो होतो. माझी मामेबहीण खानदेशातल्याच एका प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. विषय केळीचा (आमच्याकडे दुसरा कुठला असणार?). म्हणाली, "दादा, सहा वाजले की आम्हा मुलींना घरी पाठवतात. रात्रीच्या नोंदी मुलं घेतात. मग पेपरवर पहिलं नाव कोणाचं, सांग बरं!"

परतताना बसमध्ये कमला सोहोनी आठवल्या. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये अर्ज केला. वडील आणि काका तिथेच शिकलेले. पण संचालक सर सी. व्ही. रामन यांनी चक्क नकार दिला. कारण? मुलगी आहे!

कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष रीतसर विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्रीही काम करायचं. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही! वर्षभर त्यांचं काम बघून रामन यांचं मत बदललं आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला.

नंतर केंब्रिजला रॉबिन हिल यांच्याकडे त्या वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या. बटाट्यात त्यांना 'सायटोक्रोम सी' सापडलं. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे नेणारं हे प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यातून कळलं. १९३९ साली पीएच.डी. झाली. अर्थात केंब्रिजही काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. तिथे बायकांना विद्यापीठाचं पूर्ण सभासदत्व मिळायला १९४८ साल उजाडलं.

गंमत बघा. कमलाबाईंना अट होती, रात्री थांबावं लागेल. माझ्या बहिणीला अट आहे, रात्री थांबायचं नाही. दोन्ही उलट, पण दोन्ही फक्त मुलींनाच. आणि दोन्ही वेळी तिला कुणी विचारलंच नाही.

आणि मी तरी काय वेगळा? रात्रीचं रिलीज असलं की टीममधल्या मुलींना न विचारताच वगळायचो. 'काळजी' म्हणून! मग अप्रेझलला म्हणायचं, यांना रिलीजचा अनुभव नाही.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव मिळालं. अभिमान वाटतो. पण पाटीवर नाव लावणं सोपं. प्रयोगशाळेची किल्ली आणि रात्री घरी सोडायला गाडी, हे अवघड.

असो. पुढच्या रिलीजला कोण थांबणार, हे सोमवारी सगळ्यांना विचारणार आहे. गाडी आधी सांगून.