सैनिकाचे हृदय आणि भीतीची भीती

छातीत धस्स होणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे, तोंडाला कोरड पडणे, काळजाचे पाणी पाणी होणे. भीतीचे वर्णन करताना मराठी माणूस मनाबद्दल फारसे बोलतच नाही, तो शरीराबद्दल बोलतो. आपल्या भाषेने सहज टिपलेली ही गोष्ट वैद्यकशास्त्राच्या पचनी पडायला मात्र बराच काळ जावा लागला. आज ज्याला 'पॅनिक अटॅक' म्हणतात त्या तीव्र भीतीच्या झटक्याचा इतिहास चाळला, तर निदान पहिली सत्तर वर्षे डॉक्टर मंडळी रुग्णाच्या हृदयातच बिघाड शोधत होती असे दिसते.

आधी हा झटका कसा असतो ते पाहू. माणूस बसस्टॉपवर उभा असतो, बाजारात असतो, कधी तर गाढ झोपेत असतो. समोर धोका काहीच नसतो. एकाएकी छाती धडधडू लागते, श्वास पुरत नाही, घाम फुटतो, हात थरथरतात, बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते आणि 'आता आपण मरणार', किंवा 'आपल्याला वेड लागणार' अशी खात्रीच वाटू लागते. काही मिनिटांत हे सारे शिगेला पोहोचते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. घाबरलेले नातेवाईक रुग्णाला दवाखान्यात नेतात. हृदयाचा आलेख काढला जातो, तो निर्दोष निघतो. डॉक्टर म्हणतात, "काही झालेले नाही." रुग्णाला हे पटत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही. काहीतरी झालेले असतेच.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) फिलाडेल्फिया शहरातील लष्करी रुग्णालयात जेकब मेंडिस डा कोस्टा नावाचा डॉक्टर काम करीत असे. त्याच्याकडे असे सैनिक येऊ लागले, की ज्यांना धडधड, छातीतील कळा, धाप आणि चक्कर यांनी बेजार केले होते. पण तपासले तर त्यांपैकी बहुतेकांच्या हृदयाच्या रचनेत दोष सापडत नव्हता. तीनशेहून अधिक रुग्णांच्या अभ्यासावर आधारलेला त्याचा लेख १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या विकाराला त्याने 'चिडखोर हृदय' असे नाव दिले. कारणे म्हणून त्याने ताप, जुलाब आणि लांबलांबच्या कूचांचे श्रम यांची नोंद केली, आणि विश्रांतीबरोबर डिजिटॅलिससारखी हृदयाची औषधे दिली. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास आर्थर मायर्स या लष्करी शल्यचिकित्सकाने दोष दिला तो सैनिकाच्या घट्ट गणवेशाला आणि छाती आवळणाऱ्या पट्ट्यांना. सैनिक घाबरला असेल, ही शक्यता शूरांच्या सैन्यात सहजासहजी कोणाच्या तोंडून निघणारी नव्हती.

गंमत अशी, की याच १८७१-७२ च्या सुमारास बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल हा मनोविकारतज्ज्ञ तीन पुरुषांची हकीकत लिहीत होता. त्यांना शहरातील मोठे मोकळे चौक ओलांडता येत नसत. पाऊल टाकले की भीतीने जीव कासावीस होई. सोबतीला कोणी असेल तर मात्र जमे. ग्रीक भाषेत बाजाराच्या चौकाला 'अगोरा' म्हणतात, म्हणून या विकाराला त्याने 'अगोराफोबिया' म्हटले. फिलाडेल्फियातील विकार हृदयरोगाच्या खात्यात जमा झाला आणि बर्लिनमधील मनोविकाराच्या. पुढे १८९५ मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइडने झटक्यातील धडधड, श्वासाची तक्रार, घाम, कंप, चक्कर ही सारी लक्षणे 'चिंताविकृती' या एका नावाखाली आणली. त्याचे वर्णन आजही नेमके वाटते. स्पष्टीकरण मात्र त्याने न शमलेल्या कामवासनेत शोधले, आणि ते टिकले नाही.

पहिल्या महायुद्धात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि या वेळी संख्या फार मोठी होती. 'सैनिकाचे हृदय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे काम ब्रिटनमध्ये थॉमस लुईस या नामवंत हृदयतज्ज्ञाकडे आले. या रुग्णांना महिनोन्‌महिने खाटेवर निजवून ठेवण्याची पद्धत होती. लुईसने तिच्याऐवजी हळूहळू वाढत जाणारी कवायत सुरू केली. थोड्या श्रमानेही लक्षणे उद्भवतात म्हणून त्याने या विकाराला 'श्रम-लक्षणसमूह' म्हटले. उपचाराची दिशा बरोबर होती, नाव मात्र अजूनही दिशाभूल करणारे होते.

दरम्यान प्रयोगशाळेत वेगळेच काही उलगडत होते. हार्वर्डमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९१५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले, की भीती व संताप यांच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलिन रक्तात येते, हृदय जोरात चालू लागते, यकृतातील साखर रक्तात उतरते, पचन थांबते. लढण्याची किंवा पळण्याची ही तयारी होय. मग नुसते ॲड्रेनॅलिन टोचले तर भीती वाटेल का? स्पेनमधील ग्रेगोरिओ मारान्योन याने १९२४ मध्ये २१० जणांना ॲड्रेनॅलिन टोचल्याची माहिती प्रसिद्ध केली. बहुतेकांना केवळ शारीरिक बदल जाणवले. सुमारे ३० टक्के लोकांना भावना जाणवली, पण त्यांतील बहुतेकांनी 'भीती वाटावी तसे वाटते आहे' असे सांगितले, 'भीती वाटते' असे नव्हे. म्हणजे धडधड ही भीतीचा कच्चा माल झाली. ती भीती ठरण्यासाठी आणखी काहीतरी लागते.

ते 'आणखी काहीतरी' काय, हे दुसऱ्या महायुद्धात पॉल वुड या हृदयतज्ज्ञाने जवळजवळ सांगून टाकले. १९४१ मधील व्याख्यानांत त्याने दाखवले, की या सैनिकांची लक्षणे श्रमाशी नव्हे तर भावनेशी, मुख्यतः भीतीशी जुळतात. रुग्ण भावनेतून आलेल्या धडधडीचा चुकीचा अर्थ लावतो, दोष हृदयाचाच आहे अशी त्याची खात्री होत जाते, श्रम केले तर मृत्यू येईल असे त्याला वाटू लागते आणि या भीतीने धडधड आणखी वाढते. हे दुष्टचक्र वुडने स्पष्ट मांडले होते. परंतु हृदयतज्ज्ञांनी 'हा आमचा विषय नाही' म्हणून फाईल बंद केली आणि मनोविश्लेषणात रमलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी ती उघडली नाही. शास्त्राचे दोन विभाग शेजारी असले तरी त्यांच्यातील भिंत किती जाड असू शकते, याचे मला हे एक ठळक उदाहरण वाटते.

याच दुष्टचक्राचा शोध एका स्त्रीला स्वतःच्या शरीरावर लागला होता. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर वीक्स या मूळच्या प्राणिशास्त्रज्ञ. सरड्यांच्या काही जातींत नाळ कशी तयार होते यावर त्यांनी संशोधन केले, आणि सिडनी विद्यापीठाची विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस क्षयाच्या चुकीच्या निदानामुळे त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. तेथून परतल्या त्या सतत धडधडणारे हृदय घेऊनच. पहिल्या महायुद्धात लढलेल्या एका मित्राने त्यांना सांगितले, की खंदकात आम्हा सर्वांचे असेच होई. तुम्ही धडधडीला घाबरता म्हणून ती थांबत नाही. वीक्स यांना हे पटले. पुढे त्या वैद्यकीय डॉक्टर झाल्या आणि १९६२ पासून त्यांनी सामान्य रुग्णांसाठी पुस्तके लिहिली. पहिली भीती आपोआप येते. तिच्यात 'अरे देवा, आता काय होणार' ही दुसरी भीती रुग्ण स्वतः घालतो, असे त्या सांगत. झटक्याशी झगडू नका, त्यापासून पळूही नका, तो अंगावरून जाऊ द्या, हा त्यांचा सल्ला होता. विद्यापीठांतील तज्ज्ञांनी अशा लोकप्रिय पुस्तकांची फारशी दखल घेतली नाही.

आता १९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात जाऊ. डोनाल्ड क्लाइन या तरुण मनोविकारतज्ज्ञाच्या वॉर्डात असे रुग्ण होते, की ज्यांना मनोविश्लेषणाने गुण येत नव्हता आणि क्लोरप्रोमाझिननेही. दिवसातून कित्येकदा ते परिचारिकांच्या टेबलाकडे धावत आणि 'मी मरतो आहे' म्हणत. परिचारिका त्यांना धीर देत, काही मिनिटांनी ते परत जात. इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध तेव्हा नवीन होते. क्लाइनने ते देऊन पाहिले. तीन आठवड्यांनी रुग्ण म्हणाले, काही फरक नाही. त्यांचे मानसोपचारकही तेच म्हणाले. परिचारिका मात्र म्हणाल्या, फरक आहे. हे लोक आता आमच्या टेबलाकडे धावत येत नाहीत. रुग्णांना विचारल्यावर त्यांनाही ते आठवले. झटके थांबले होते. पण झटका येईल या धास्तीने ते अजून एकटे बाहेर पडत नव्हते, म्हणून त्यांच्या दृष्टीने आजार होता तसाच होता.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला या प्रसंगाचे अप्रूप वाटते. मोजमाप कोणतेही नवे नव्हते. रुग्ण किती वेळा उठून आला, एवढीच नोंद. पण तेवढ्यावरून क्लाइनने ओळखले, की येथे दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. झटका ही एक, आणि पुढच्या झटक्याची काळजी ही दुसरी. चौक टाळणे, बस टाळणे, एकटे राहणे टाळणे हे या दुसरीतून येते. औषधाने पहिली गेली, दुसरी उरली. वेस्टफालचे चौकापाशी अडलेले रुग्ण आणि डा कोस्टाचे सैनिक यांच्यातील दुवा येथे सापडत होता. क्लाइनने ही मांडणी १९६२ आणि १९६४ च्या लेखांत केली. झटका म्हणजे नेहमीच्याच चिंतेचा वाढलेला पारा, असे तेव्हाचे मत होते, त्यामुळे ती पटायला वेळ लागला. अखेर १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात 'पॅनिक डिसऑर्डर' हे स्वतंत्र निदान आले. इतर औषधांच्या अनुभवावरून क्लाइनने आखलेली सीमारेषा तो समजत होता तितकी काटेकोर नाही हे नंतर दिसले, पण त्याने पाडलेली फोड टिकून राहिली.

झटका मुद्दाम आणता येतो, हेही या काळात कळले. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्ल्यूर यांनी सोडियम लॅक्टेट शिरेतून दिले. १४ रुग्णांपैकी १३ जणांना झटका आला, १० निरोगी व्यक्तींपैकी फक्त दोघांना. कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगवली तरी असेच होते. यावरून क्लाइनने १९९३ मध्ये असा तर्क मांडला, की गुदमरण्याची सूचना देणारी मेंदूतील घंटा या लोकांत विनाकारण वाजते. २०१३ मधील एका प्रयोगाने यात आणखी रंग भरला. भीतीचे केंद्र मानला जाणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेले तीन रुग्ण होते. त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेला वायू हुंगायला दिला, तर तिघांनाही भीतीचा झटका आला. त्यांतील एक स्त्री तर हाती साप घेऊनही घाबरत नसे. शरीराच्या आतून येणाऱ्या भीतीची वाट वेगळी असावी.

तर मग हा विकार निव्वळ रासायनिक म्हणायचा का? १९८९ मध्ये सँडरसन, रॅपी आणि बार्लो यांनी अमेरिकेत केलेला प्रयोग येथे सांगितलाच पाहिजे. वीस रुग्णांना ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. समोर एक दिवा आणि एक बटण होते. सर्वांना सांगितले, की दिवा लागला असेल तेव्हा बटण फिरवून वायू कमी करता येईल. दहा जणांपुढे दिवा लागला, दहा जणांपुढे लागला नाही. वास्तविक बटण कशालाच जोडलेले नव्हते आणि सर्वांना वायू तेवढाच मिळत होता. दिवा न लागलेल्यांपैकी आठ जणांना झटका आला, दिवा लागलेल्यांपैकी दोघांना. रसायन तेच, पण 'हे माझ्या हातात आहे' या समजुतीने फरक पडला. याआधी १९८६ मध्येच इंग्लंडमधील डेव्हिड क्लार्कने सिद्धान्त मांडला होता, की शरीरातील साध्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावण्यातून झटका वाढत जातो. वुडची बंद झालेली फाईल पंचेचाळीस वर्षांनी उघडली, असेच म्हणायला हवे.

या समजुतीवर आधारलेले उपचार प्रथम पाहणाऱ्याला चमत्कारिक वाटतात. रुग्णाला फिरत्या खुर्चीत गरगर फिरवतात, जिने चढायला लावतात, सरबताच्या बारीक नळीतून श्वास घ्यायला लावतात. ज्या संवेदनांना तो घाबरतो त्या मुद्दाम आणायच्या आणि त्यातून काहीही वाईट होत नाही, हे त्याला स्वतः अनुभवू द्यायचे. त्याबरोबर टाळलेल्या जागी टप्प्याटप्प्याने परत जायचे. अमेरिकेत ३१२ रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या बोधनात्मक वर्तनोपचाराचा आणि इमिप्रामिनचा, दोहोंचाही उपयोग दिसला; मात्र उपचार थांबवल्यानंतर वर्तनोपचाराचा गुण अधिक टिकला. आता इमिप्रामिनऐवजी बहुधा सर्ट्रालिनसारखी औषधे देतात. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात आणि ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करायची नसतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी लगेच बरे वाटते, पण त्यांची सवय लागते.

शाळेत हा विकार नववी-दहावीच्या वयापासून दिसू शकतो. पहिल्या वेळी डॉक्टरांकडून तपासणी हवीच, कारण दमा, थायरॉइडचा दोष, रक्तक्षय किंवा हृदयाच्या लयीतील बिघाड यांतही अशी लक्षणे येतात. तपासणीत काही निघाले नाही, तर पुढचा प्रश्न शिक्षकांपुढे येतो. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या मुलीला झटका येतो. आपण मायेने तिला प्रार्थनेतून सूट देतो, मग पी.टी.तून, मग प्रयोगाच्या तासातून. महिन्याभरात ती शाळेतच येत नाही. झटक्याच्या वेळी शेजारी बसावे, शांत आवाजात 'हा भीतीचा झटका आहे, थोड्या वेळात उतरेल' एवढे सांगावे. तोंडाला कागदी पिशवी लावण्याचा जुना उपाय करू नये; दमा किंवा हृदयविकार असल्यास तो धोक्याचा ठरतो. झटका ओसरला की तिला घरी न पाठवता वर्गात परत येऊ द्यावे. पालकांना मनोविकारतज्ज्ञ गाठणे अवघड असेल तर शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.