बाळंतिणीच्या उंबरठ्यावर

बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. परंतु मातांच्या आरोग्याचा इतिहास चाळू लागलो, की तो पुनःपुन्हा समोर येतो. त्याचे उत्तर द्यायला आपल्या ख्रिस्तसभेलाही वेळ लागला, हे आम्ही धर्मगुरूंनी आधी कबूल केले पाहिजे.

ऑस्ट्रियाच्या डॉ. अ‍ॅना डेंगेल १९२० साली रावळपिंडीच्या स्त्री-रुग्णालयात दाखल झाल्या. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत आणि उपचारांवाचून प्राण सोडीत. ज्या धर्मभगिनींना त्यांच्या माजघरात सहज प्रवेश मिळाला असता, त्यांना वैद्यकी, विशेषतः प्रसूतीचे काम, धर्मनियमांमुळे करता येत नव्हते. डेंगेलबाईंनी १९२५ साली वॉशिंग्टन येथे वैद्यकीय सेवेसाठी भगिनींचा संघ स्थापिला आणि पाठपुरावा सोडला नाही. अखेर ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमने धर्मभगिनींना ही सेवा मोकळी केली. एक दार उघडले.

दुसरे दार मात्र खुद्द गावाने उघडायचे होते. त्याची कथा आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील जामखेडला आले. पाठोपाठ दुष्काळ आला. गावकऱ्यांची पहिली मागणी औषधाची नव्हे, पाण्याची व अन्नाची होती. आरोळे दांपत्याने ती मानली. विंधनविहिरी दलित वस्तीत घेतल्या. पाण्यासाठी साऱ्या गावाला तिकडे जावे लागले.

आरंभी त्यांनी गावोगावी शिकलेल्या परिचारिका पाठवून पाहिल्या. पण परक्या मुलीला गावाने आपले म्हटले नाही. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडलेल्या अनेकजणी निरक्षर होत्या, कित्येक दलित, कित्येक परित्यक्ता वा विधवा. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले घरोघरी नेत. पोटुशीने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून बाळंतपण सोपे जाते, ही समजूत त्यांनी सासवांशी बोलून बोलून मोडली. नाळ कापायला स्वच्छ, नवे पाते, धनुर्वाताची लस, पायांवरची सूज दिसताच दवाखाना: एवढ्याशा गोष्टी. पण त्या सांगणारी बाई ओळखीची, स्वतः बाळंतपणाच्या कळा सोसलेली होती.

१९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. गर्भवतीची तपासणी जिथे अपवादाने होई, तिथे ती बहुतेकींची होऊ लागली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली व रजनीकांत २०११ साली निवर्तले. परंतु गावाने आपली आरोग्यसेविका आपल्यातूनच घ्यावी, हा विचार टिकला. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील 'आशा' कार्यकर्ती त्याच वळणाची आहे.

या दोन घटना शेजारी ठेवल्या, की आम्हांला एक गोष्ट खटकते. १९३६ साली परवानगी वरून खाली आली. जामखेडला अधिकार खालूनच उभा राहिला. पहिल्या दाराने निष्णात हात दिले, दुसऱ्याने विश्वास दिला. एकावाचून दुसरे अपुरे. नुसत्या विश्वासाने अडलेले बाळंतपण सुटत नाही, आणि नुसत्या शस्त्रक्रियागृहाकडे भेदरलेली सून वेळेवर पोहोचत नाही.

दवाखान्याची फीत कापायला आम्ही हौसेने जातो. पण आपल्या वाडीतील आशाताईला मध्यरात्री वाहन कोण देतो? गरोदर सुनेच्या ताटात काय पडते, हे कोण पाहतो? जामखेडच्या त्या निरक्षर बायांनी हे प्रश्न विचारले, म्हणून आया वाचल्या. आपल्या धर्मग्रामात ते विचारायला मात्र ना रोमची परवानगी लागते, ना डॉक्टरची पदवी.